बाग रस्त्यापेक्षा खाली हवी: कोपरखैरण्याचं उद्यान आणि पावसाचं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात तुमच्या सोसायटीसमोर महापालिकेचं साधारण एक एकराचं उद्यान आहे आणि त्याचं नूतनीकरण होणार आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की समोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं आणि मागच्या गल्लीतल्या बैठ्या घरांत शिरतं. बागेचं 'स्पंज पार्क' केलं तर सगळं पाणी जमिनीत जिरेल, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते खरं आहे का, डास होतील का, मुलांना धोका आहे का आणि वॉर्डातल्या बैठकीत नेमकं काय मागायचं, हे तुम्ही विचारलंय.

ठाणे आणि नवी मुंबईत मी बरीच वर्षं उद्यानांची आणि पावसाळी निचऱ्याची कामं करते, त्याच आधारावर लिहिते. तुमच्याकडे पाणी जिरणार नाही. ते काही तास धरून ठेवावं लागेल आणि खाडीचं पाणी उतरलं की सोडावं लागेल. जिरवायची बाग आणि धरून ठेवायची बाग यांचा आराखडा वेगळा असतो, खर्च वेगळा असतो आणि देखभालही वेगळी असते. म्हणून बैठकीत 'स्पंज' शब्द वापरण्याआधी आपल्याला यातली कुठली बाग हवी, हे आपसात ठरवून घ्या.

जिरणार का नाही, ते आधी. सिडकोने 1970 नंतर हे शहर वसवलं तेव्हा खाडीकाठचे बरेचसे नोड, म्हणजे वसाहती, खाजण (भरतीचं पाणी येणारी दलदल) आणि मिठागरांच्या जमिनीवर भराव टाकून उभे राहिले. वर तीन-चार फूट मुरूम आणि त्याखाली राखाडी, चिकट खाजणमाती. तुमच्या बागेत जूनअखेरीस किंवा जुलैत कुदळीने दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून बघा. बहुतेक वेळा अर्धा खड्डा आपोआप पाण्याने भरेल, कारण भूजल तिथेच, हाताच्या अंतरावर असतं. तो कोरडा राहिला तर त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि संध्याकाळी परत जा. पाणी तिथेच दिसलं तर शोषखड्डे, पर्कोलेशन पिट, बोअरवेल रिचार्ज वगैरे पाणी जमिनीत जिरवायचं जे काही आराखड्यात लिहिलं असेल ते ऐन पावसाळ्यात काम करणार नाही. अर्थात सगळीकडे एकच गणित नसतं. घणसोली-रबाळ्याच्या बाजूला, डोंगराच्या दिशेने सरकलात की मुरूम लागतो आणि पाणी बऱ्यापैकी जिरतं. उलट कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं आहे, अशा जागी तर पाणी मुद्दाम जमिनीत सोडूच नये, ते कचऱ्यातून झिरपून पुढे जातं. त्यामुळे खड्डा खणून बघितल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, माझ्याही.

आता भरती. नवी मुंबईचा काही भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. हे आखणी करणाऱ्यांना माहीत होतं, म्हणूनच डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. भरती चढली की नाल्याच्या तोंडाची झडप मिटते, खाडीचं पाणी आत येत नाही, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की झडप उघडून बाहेर जातं. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. पण या तलावांत वर्षानुवर्षं गाळ बसला, गाळावर कांदळवन वाढलं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे सार्वजनिक हिताचं काम असलं तरी कांदळवनाला हात लावण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कांदळवन वाचायलाच हवं याबद्दल मला शंका नाही. मात्र मोठ्या तलावांची पाणी साठवण्याची ताकद घटली आहे, तेव्हा वरच्या अंगाला, सेक्टरच्या आत, जिथे जिथे मोकळी जागा आहे तिथे थोडं थोडं पाणी थोपवणं हा खरा उपाय उरतो. तुमची बाग त्या साखळीतला एक छोटा धारण तलाव होऊ शकते. मी तिच्याकडे त्याच नजरेने बघेन.

किती पाणी मावेल, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. समजा तुमच्या बागेकडे उताराने पाणी येणारा भाग चार हेक्टर आहे, म्हणजे चाळीस हजार चौरस मीटर. मुंबईची जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती. पुढे ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी निचऱ्याच्या प्रकल्पात 50 चा आकडा धरला गेला. आपणही 50 धरू. गच्च्या, रस्ते, पेव्हर ब्लॉक यामुळे ऐंशी टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर एका तासात 1600 घनमीटर पाणी झालं. तुमची बाग एक एकराची, म्हणजे सुमारे 4000 चौरस मीटर. तिचा अर्धा भाग रस्त्यापेक्षा दीड फूट खाली घेतला तर 900 घनमीटर मावतं. म्हणजे भरती पूर्ण चढलेली आणि गटार ठप्प असेल तर अशा पावसाचं अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त पाणी ही बाग पोटात घेईल. गटार निम्म्या ताकदीने चालू असेल तर तासाभरापेक्षा जास्त. हा आकडा तुम्हाला छोटा वाटेल. पण जोराची सर बहुधा पाऊण-एक तासाची असते आणि घरात पाणी शिरणं हे बऱ्याचदा उंबऱ्याच्या वरच्या चार-सहा इंचांचंच असतं. तेवढे इंच कमी झाले तर बैठ्या घरातल्या माणसाचं गहू-तांदळाचं पिंप, फ्रिज आणि मुलांची पुस्तकं वाचतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तसल्या दिवशी कुठलीच बाग पुरी पडणार नाही. हे बैठकीत आधीच सांगून टाका. नाहीतर पहिल्याच मोठ्या पुरात लोक म्हणतील की बागेवरचा पैसा वाया गेला.

आता प्रत्यक्ष जागेकडे येऊ. आपल्याकडची जवळपास प्रत्येक महापालिकेची बाग उलटी बांधलेली असते. रस्त्याकडेला दीड-दोन फुटांची दगडी भिंत, तिच्या आत ट्रकच्या ट्रक लाल माती ओतून बाग रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट उंच केलेली, आणि भिंतीला ठरावीक अंतरावर पाणी बाहेर जाण्यासाठी पाइपचे तुकडे. पाऊस सुरू असताना त्या भिंतीपाशी उभे राहा. प्रत्येक तुकड्यातून लाल पाण्याची धार फुटपाथवर पडताना दिसेल. ती माती गटाराच्या जाळीवर साय धरावी तशी बसते आणि पुढच्या सरीला गटार पाणी ओढत नाही. म्हणजे ज्या मोकळ्या जागेने रस्त्याचं पाणी घ्यायचं, तीच आपलं पाणी आणि माती रस्त्याला देत असते. तुमची बागही अशीच असेल तर नूतनीकरणात नवी झाडं, नवा रंग आणि ओपन जिम यांच्या आधी लेव्हल बदलायला हवी. बैठकीत तुमची पहिली आणि शेवटची मागणी हीच असू दे: बागेचा मधला भाग समोरच्या रस्त्यापेक्षा दीड फूट खाली.

त्यासाठी आधीचा भराव काढावा लागेल. बाग रस्त्यापेक्षा दीड फूट उंच असेल तर एकूण तीन फूट खोदाई आली, आणि अर्ध्या एकरावर ती जवळजवळ 1800 घनमीटर होते. पावणेदोनशे-दोनशे डंपरचं काम आहे हे. यातली काही माती बागेतच एका बाजूला टेकडीसारखी रचता येते. मुलांना तशी टेकडी घसरगुंडीपेक्षा जास्त आवडते, आणि वरून दिसतंही छान. खोदताना मोठ्या झाडांना हात लावू नका. झाडाच्या फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जुनी लेव्हल तशीच ठेवून भोवती दगडी कट्टा बांधला की झाड वाचतं आणि बसायला जागा होते. झाड काढायचंच म्हटलं तर 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यात एक मोसम सहज जातो.

पाणी बागेत कधी आणि कसं येऊ द्यायचं, हा या कामातला सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. काही जण गटाराचं सगळं पाणी रोज बागेतून फिरवतात. मी ते करत नाही. आपल्या गटारात पहिल्या पावसाबरोबर रस्त्यावरचं ऑइल, उष्टं-खरकटं, प्लास्टिक, सगळं येतं. ते गटारातूनच पुढे जाऊ द्यावं. गटाराच्या बागेकडच्या भिंतीला ठरावीक उंचीवर एक लांबट तोंड ठेवायचं, असं की गटार तीन चतुर्थांश भरलं तरच पाणी बागेत उतरेल. त्याशिवाय रस्त्याच्या सर्वात सखल जागी फुटपाथच्या कडेला दोन-तीन ठिकाणी खाच ठेवायची, म्हणजे रस्त्यावर पाणी चढू लागलं की ते आधी बागेकडे वळेल, घरांकडे नाही. असं केलं की बाग पावसाळ्यातल्या मोजक्याच दिवशी पाण्याखाली जाते आणि बाकी सगळा काळ खेळायला, बसायला मोकळी राहते. लोक अशी बाग जपतात. आठवडाभर चिखलात असलेल्या बागेकडे लोक पाठ फिरवतात, आणि मग तिथे राडारोडा पडायला वेळ लागत नाही.

पाणी आत येतं तिथे लगेच काँक्रीटच्या तळाचा एक उथळ गाळखड्डा हवा. तळ काँक्रीटचाच हवा, कारण माळी किंवा सफाई कामगार फावड्याने तो गाळ काढणार आहे, आणि मातीच्या तळावर फावडं मारलं की दर वेळी खड्डा खोल होत जातो. त्या खड्ड्याच्या पुढे जाड सळ्यांची जाळी, हात आत जाईल इतक्या फटींची, म्हणजे पिशव्या आणि बाटल्या तिथेच अडकतील. बाहेर जायच्या टोकाला आठ इंची पाइप पुरतो. त्याने बाग अर्ध्या दिवसात रिकामी होते, म्हणजे पुढची भरती येईपर्यंत बरंचसं पाणी गेलेलं असतं. या पाइपला गटाराच्या बाजूने झडप बसवाच. नाहीतर भरतीच्या वेळी गटारातलं पाणी उलटं बागेत चढेल आणि तुम्ही पावसाआधीच भरलेली बाग घेऊन बसाल. आणि एवढं सगळं करूनही बाग काठोकाठ भरली तर पाणी कुठल्या बाजूने उतू जाईल? ते नाल्याकडेच गेलं पाहिजे. मागच्या गल्लीकडची कड बाकीच्या कडांपेक्षा अर्धा फूट उंच ठेवली की हे होतं. नकाशावर ही एक रेघ असते, पण मी प्रत्येक आराखड्यात पहिल्यांदा तीच शोधते.

डासांबद्दल तुमची भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर सोपं आहे. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर लागतो. एका दिवसात रिकाम्या होणाऱ्या बागेत डास होत नाहीत. ते होतात खचलेल्या जागी उरलेल्या डबक्यात, गाळखड्ड्याच्या कोपऱ्यात आणि दिव्याच्या चेंबरमध्ये. म्हणून तळाला शंभराला एक (शंभर फुटांत एक फूट) इतका तरी उतार हवा, आणि भराव दाबून घेतलेला हवा, म्हणजे वर्षभरात खळगे पडत नाहीत.

मुलांची काळजी मला डासांपेक्षा जास्त वाटते. खोली दीड फुटापेक्षा जास्त नको, कडा सहाला एक किंवा त्याहून सौम्य उताराच्या हव्यात, म्हणजे तीन वर्षांचं मूलही चालत बाहेर येऊ शकेल. सरळ उभी भिंत कुठेही नको. झोके, घसरगुंडी आणि दिव्यांची पॅनेलं वरच्या लेव्हलला. पुराचं पाणी ओसरल्यावर लगेच मुलांना चिखलात सोडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. एक-दोन उन्हं पडली आणि जमीन सुकली की मग. हे बागेच्या फाटकावर मराठी आणि हिंदीत लिहून ठेवायला सांगा.

आणखी एक तपासणी या कामाच्या आधी करायची आहे. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचं झाकण उघडून बघा. नवी मुंबईत मलवाहिन्या आणि पावसाळी गटारं वेगळी आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात ते गटार कोरडं ठणठणीत असायला हवं. त्यात पाणी वाहत असेल तर कुणाची तरी सांडपाण्याची जोडणी चुकून किंवा मुद्दाम त्यात आलेली आहे. ती तोडल्याशिवाय हे पाणी बागेत घेऊ नका. इथे मी अजिबात तडजोड करत नाही, कारण त्याच गवतावर बाळं रांगणार आहेत.

झाडं आणि गवत याबद्दल थोडक्यात. नर्सरीतलं कार्पेट लॉन पाण्याखाली दोन दिवसांत पिवळं पडतं. साधी हरळी टिकते आणि परत उगवते. उतारावर वाळा लावा, त्याची मुळं माती धरतात. खालच्या भागात करंज, अर्जुन, जांभूळ, ताम्हण चालतात. गुलमोहर आणि सोनमोहर पावसाळी वाऱ्यात मोडतात, ओल्या जमिनीत मुळासकट आडवे होतात, ते नको.

बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न शताब्दी उद्यानाचे फोटो तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. ते बघण्यासारखं आहे. लँडस्केप आर्किटेक्ट कोट्चाकॉर्न वोराखोम यांनी ते 11 एकरांवर केलं, 2017 मध्ये खुलं झालं. सपाट, चिकणमातीचं, मान्सूनचं शहर, म्हणजे आपल्याच जातकुळीचं. त्यांनी अख्खी बाग एका बाजूला कललेली ठेवली आहे, म्हणजे वरचं पाणी उताराने खालच्या तळ्यात येतं. आपण घ्यायचं ते हेच, उताराचा विचार. पावसाचं पाणी साठवणाऱ्या युरोपातल्या चौकांचे फोटो मात्र जपून बघा, तिथला पाऊस आणि आपली जुलैमधली सर यांची तुलना होत नाही. काही अधिकारी जमिनीखाली मोठी टाकी सुचवतील. मुंबईत परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली अशा टाक्या झाल्या आहेत. दर पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमातासारख्या जागी, जिथे दुसरा पर्यायच नव्हता, तिथे ते ठीक. पण टाकीला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि तिच्यावर मोठं झाड कधीच वाढत नाही. तुमच्याकडे उघडी जागा आहे, तर उघड्यावरच पाणी थोपवा.

आता बैठ्या घरांबद्दल. कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीसारख्या भागात रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि घरांचे उंबरे खाली राहिले. पाणी सगळ्यात आधी त्यांच्याकडे जातं, आणि बैठकीला सगळ्यात कमी तेच येतात, कारण बैठक कामाच्या दिवशी अकरा वाजता असते. तुम्ही सोसायटीची समिती म्हणून जाणार असाल तर आधी रविवारी संध्याकाळी त्या गल्लीत जा. पाणी कुठून शिरतं, हे तिथल्या बायका कुठल्याही सर्व्हेपेक्षा नेमकं दाखवतील. बागेकडून त्यांना काय हवंय तेही विचारा. मला अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळालंय: दुपारी फाटक बंद नको, स्वच्छतागृह हवं, उजेड हवा, आणि बसायला सावली. कारंजं कुणीच मागत नाही. या गोष्टी आराखड्यात आल्या तरच ती बाग त्यांचीही होते, आणि गाळखड्डा तुंबला की फोन करणारा माणूसही त्यांच्यातूनच मिळतो.

कारण अशी बाग बहुतेक वेळा देखभालीत मरते. झाडं उद्यान विभागाची आणि गटार अभियांत्रिकी विभागाचं, त्यामुळे दोघांच्या मधला गाळखड्डा कुणाचाच नसतो. माझ्या एका कामात खड्डा पहिल्याच पावसाळ्यात काठोकाठ भरला होता आणि दोन्ही विभागांची पत्रं एकमेकांकडे फिरत होती. म्हणून निविदेतच लिहून घ्या: मेअखेरपर्यंत एक सफाई, आणि पावसाळ्यात पाणी बागेत आलेल्या प्रत्येक दिवसानंतर पुन्हा एक, आणि त्याची जबाबदारी कुठल्या विभागाची. हे वाक्य निविदेत नसेल तर आराखडा कितीही चांगला असला तरी मी सही करायला नको म्हणेन.

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा येऊरच्या पायथ्याला कुणी हे वाचत असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. तिथे पाणी डोंगरावरून जोरात, दगड-मुरूम घेऊन येतं, भरतीचा जोर कमी आणि जिरण्याची शक्यता जास्त. तिथे नाल्याला रुंदी देणं आणि वेग मोडणं हे पहिलं काम. त्यावर वेगळं विचारा.

तुमच्या बाबतीत या पावसाळ्यात एवढं करा. रस्त्यावर पाणी चढायला लागलं ती वेळ, सगळ्यात वर पोचलं ती वेळ आणि ओसरलं ती वेळ लिहून ठेवा, आणि बागेच्या भिंतीवर पाण्याची खूण ऑइलपेंटने करा. त्या दिवशीची भरतीची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईच्या किनाऱ्याला भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्री येते, खाडीत आतवर पोचायला तिला थोडा वेळ लागतो. पाणी दर वेळी भरतीबरोबरच चढत-उतरत असेल तर वर लिहिलेली बाग तुमच्या उपयोगाची आहे. भरती नसतानाही तितकंच पाणी साचत असेल तर गटार कुठेतरी तुंबलंय किंवा लहान पडतंय, आणि आधी त्याचं बघायला हवं. या नोंदी आणि बाग, रस्ता, गटाराचा तळ आणि मागच्या गल्लीतला सर्वात खालचा उंबरा, या चार ठिकाणच्या लेव्हल मिळाल्या तर इथेच टाका. झडपेची जागा आणि बागेची खोली किती ठेवता येईल, ते मी त्यावरून सांगू शकेन.